गिरणीपाशी बंद पडणारी गाडी

परत आलेल्या मालाबरोबर एक कहाणी येते आणि ती बहुतेक वेळा खोटी असते. मी अर्धं आयुष्य ज्या कारखान्यात काढलं तिथे गाड्यांचे फ्युएल पंप बनत. फ्युएल पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनापर्यंत पोचवणारा विजेचा छोटा पंप. त्यातले बिघडून परत आलेले माझ्या टेबलावर येत. “काही केलं नाही मॅडम, आपोआप बंद पडला,” हे प्रत्येकाचं म्हणणं. उघडून बघावं तर आत कुणीतरी स्क्रूड्रायव्हर खुपसलेला, नाहीतर तारा उलट्या जोडलेल्या. म्हणून आमच्या खात्यात शिरस्ता होता: आधी वस्तू उघडायची, तक्रार नंतर वाचायची. या शिरस्त्याने माझा स्वभाव पार बिघडवला. दूधवाल्यापासून बिल्डिंगच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाचंही पहिलं वाक्य मला खरं वाटत नाही. आई म्हणते, तुला नुसतं ‘बरी आहेस का’ विचारलं तरी तू ‘का विचारलंस’ म्हणतेस.

मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले, तेव्हा हातांना काही काम हवं होतं. ते बाबांच्या गाडीने दिलं.

ही गाडी स्वातंत्र्याच्या आधीची, इंग्रजी बनावटीची, काळी. बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवायच्या कामाला होते. तरुणपणी त्यांनी ती भंगारात चाललेली उचलली आणि एकेक भाग स्वतः घडवत उभी केली. दर रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून ती बाहेर निघते आणि नदीपलीकडच्या एका मैदानावर जाते. तिथे शहरातले जुन्या गाड्यांचे मालक जमतात, चहा पितात आणि एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून नावं ठेवतात. बाबा त्यांच्यात सगळ्यांत वयस्क. त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवलेली असते, आणि ती मोकळी आहे याकडे आपलं लक्षच नाही असं बाबा दाखवतात.

या गाड्यांतला मूळ पंप मोठा नमुनेदार. एक विद्युतचुंबक रबराचा पडदा ओढतो, पेट्रोल आत येतं. पडदा पुरता ओढला गेला की विजेची जोडणी करणारे दोन छोटे पॉइंट एकमेकांपासून सुटतात, वीज तुटते, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. पॉइंट पुन्हा जुळतात. हे सतत चालतं आणि त्याची टिकटिक गाडीत बसलेल्याला ऐकू येते. खोड एकच: पॉइंट सुटताना ठिणगी उडते, ते जळतात, आणि एक दिवस पंप गप्प बसतो. मग मालक खाली उतरतो, पान्ह्याचा दांडा पंपावर हाणतो आणि पंप चालू होतो. जगभर लोक या पंपाला असंच बडवत आले आहेत, आणि त्यात काही गैर आहे असं त्या मैदानावर कुणालाच वाटत नव्हतं.

मला वाटायचं. मी ते पॉइंटच काढून टाकले. त्यांच्या जागी पडद्याच्या दांड्यावर एक छोटं चुंबक आणि समोर ते ओळखणारा सेन्सर बसवला. वीज चालू-बंद करायचं काम ट्रान्झिस्टरला दिलं. ठिणगीच नाही तर जळणार काय? हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून पडदाही वेगळ्या रबराचा घेतला. चावी चालू ठेवून गाडी उभी राहिली तर कॉइल तापते, तीही तापू नये अशी सोय केली. बाहेरून मात्र पंप तोच, पितळी टोपीचा. टिकटिकसुद्धा राहू दिली. बाबांनी तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, “बघू किती टिकतो.” त्यांच्या तोंडून याहून जास्त कौतुक मी तरी कधी ऐकलेलं नाही.

या गाडीवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी आहेत. जुन्या गाड्यांवर त्यांचा फार जीव. ते म्हणाले, “ताई, काकांच्या गाडीत उन्हाळा काढू दे याला. काकांनी ‘चालतो’ म्हटलं की आमच्या सगळ्यांच्या गाड्यांत तुमचाच पंप.” मी नुसती मान हलवली, पण त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंपांची चिरफाड केली होती. हा पहिला पंप माझा होता. तो बाबांच्या गाडीत चालतो की नाही, यावर आता सगळं होतं.

दिवाळीनंतर बसवला. थंडीभर उत्तम चालला. होळीच्या सुमारास एका रविवारी फोन आला.

“तुझा पंप गेला.”

तुझा पंप. आदल्या रविवारपर्यंत तो नुसता पंप होता. मी चपला अडकवून धावत गेले. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागण्याआधी एक पिठाची गिरणी आहे, तिथे गाडी कडेला उभी होती आणि बाबा आत बसून समोर बघत होते. मी चावी फिरवली. टिकटिक टिकटिक. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू.

“तू आलीस की चालतो,” बाबा म्हणाले आणि शेजारच्या सीटवर सरकले. गाडी मीच घरी आणली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी मी पंप काढून आणायचे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडायचे, आईची बोलणी खायचे. पंपात काहीही नाही. तासन्‌तास चालवून बघितला, गरम करून बघितला, मुद्दाम हादरे दिले. टिकटिक काही थांबेना. कारखान्यात अशा मालावर आम्ही एकच शेरा मारत असू: दोष आढळला नाही. त्याचा खरा अर्थ असायचा, गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय.

इथे गिऱ्हाईक कोण? मी आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला. बाटलीत पेट्रोल घेऊन दोन दिवस खिडकीत ठेवलं, पाणी खाली बसतं का बघायला. बसलं नाही. मग माझी नजर कसब्यातल्या मेकॅनिककडे वळली. जुन्या पंपाचे पॉइंट घासून द्यायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतं. माझ्या पंपाने ते गेलं होतं. म्हणजे याला कारण आहे, हात लावायची अक्कलही आहे, आणि पार्किंगला कुलूप नाही. माझ्या मनात त्याच्याविरुद्धचा खटला निकालापर्यंत जाऊन पोचला होता.

मी पंपाच्या टोपीच्या स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो, ही आमची कारखान्यातली युक्ती. त्या रविवारी गाडी पुन्हा बंद पडली आणि ठिपका होता तसाच. तरीही मी कसब्यात गेले. संशय अंगात भिनला की पुरावा नसल्याचं काही वाटत नाही.

मेकॅनिक एका स्कूटरखाली आडवा झाला होता. माझं ऐकून घेतलं आणि तसाच, बाहेर न येता म्हणाला, “ताई, तुमचा पंप मी उघडला असता तर तो बंद पडला नसता.”

“मग का पडतोय?”

“ते इंजिनियरनी सांगायचं. मी काय, स्कूटरवाला.” मग जरा बऱ्या आवाजात: “काका गाडी अनवाणी का चालवतात हल्ली?”

मी म्हटलं, त्यांना तसं पेडल जास्त कळतं. बाबांनी मला हेच सांगितलं होतं. पण वळून परत येताना माझ्या मनात पाल चुकचुकली. ते तक्रारीच्या चिठ्ठीवरचं वाक्य होतं आणि मी वस्तू न उघडताच ते खरं मानलं होतं.

पुढच्या रविवारी मी गाडीत शेजारी जाऊन बसले. बाबांच्या कपाळाला आठी पडली. त्या दिवशी गाडी सुरळीत चालली, थेट मैदानापर्यंत. पण बाबा नेहमीसारखे नव्हते. सारखी मान खाली घालत होते. मला वाटलं, टिकटिक ऐकतायत. पुलावर पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला आणि आम्ही तिच्यावर आदळता आदळता राहिलो. बाबांनी रिक्षावाल्याला असं झापलं की तो बिचारा उलट बोलायचंच विसरला. मैदानावर गुळाचे व्यापारी म्हणाले, “वा, आज आली की!” आणि ज्यांच्या गाड्यांत माझा पंप बसायचा होता ते सगळे माझ्याकडे बघून हसले. एकजण म्हणाला, “ताई, पंपाबरोबर तुम्हीपण येणार का आमच्या गाडीत?” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चहाही घेतला नाही.

मी असले की चालतो, मी नसले की बंद पडतो. बिघाडाला माणसं ओळखता येत नाहीत. आणि मग मला सुचलं की बिघाडाला जागाही ओळखता येत नाही. मग दर वेळी गिरणीपाशीच का?

आठवड्याच्या मधल्या एका वारी, बाबा बँकेत गेले असताना, मी पार्किंगमध्ये पंपाची वायर काढली आणि गाडी सुरू केली. कार्ब्युरेटरच्या वाटीत आधीचं थोडं पेट्रोल असतं, तेवढ्यावर इंजिन चालतं. गल्लीतून निघाले, मारुतीच्या देवळावरून वळले आणि गिरणीच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके देऊन जीव सोडला. मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. पंप वाटेत बंद पडतच नव्हता. गाडी फाटकाबाहेर निघायच्या आधीच कुणीतरी त्याची वीज तोडत होतं.

त्या रविवारी मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत जाऊन बसले. गिरणीवाल्याने माझं दळण लगेच करून दिलं आणि मी जात का नाही म्हणून दोनदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थोडं थांबते. तो म्हणाला, थांबा, पीठ गार होईल.

गाडी आली. गिरणीच्या थोडं आधी बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि कडेला घेत असल्याची खूण केली. इंजिन तोवर चालू होतं! बंद पडणाऱ्या गाडीला आधी हात दाखवायला वेळ कुठून मिळतो? गाडी अलगद कडेला आली, चाकं सरळ झाली, मग आचके, मग शांतता. बाबांनी वाकून डॅशबोर्डच्या खाली हात घातला. बसले. आणि माझ्या पिशवीतला फोन वाजला.

“तुझा पंप गेला.”

“कुठे आहात?” मी विचारलं. मला त्यांचा सदरा, गळ्याचं बटण, सगळं दिसत होतं.

“गिरणीपाशी.”

मी डबा उचलून रस्ता ओलांडला. ते दचकले. “इतक्यात आलीस?” मी म्हटलं, दळणाला आले होते. गाडी मी घरी आणली. बाबा वर गेल्यावर मी पार्किंगमध्ये पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. स्टीअरिंगच्या दांड्यामागे एक छोटं काळं बटण होतं. चोरबटण. पूर्वी गाडी पळवू नये म्हणून लोक पंपाच्या वायरवर असं लपवलेलं बटण लावून घेत. चोराने गाडी सुरू केली तरी चार पावलांवर ती बंद पडायची. आमच्या गाडीत ते आहे हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. बाबा निघताना ते बंद करत होते आणि मला फोन करायच्या आधी पुन्हा चालू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं स्वच्छ जुळत होतं. त्यांनी घडवलेल्या गाडीत मी ढवळाढवळ केली, मुलीचा पंप त्यांच्या पंपापेक्षा बरा निघाला, आणि त्यांना ते सोसलं नाही. जुना पंप त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय हेही मला आठवलं. दर रविवारी चारचौघांत मला तोंडावर पाडायचं आणि वर फोन करून मलाच बोलवायचं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. संध्याकाळी गुळाचे व्यापारी घरी येणार होते, पंपाचं काय ते ठरवायला. त्यांच्यासमोरच हे बटण काढायचं असं मी जिना चढताना ठरवलं.

वर बाबा खुर्चीत बसले होते आणि आई त्यांच्यासमोर पाटावर. त्यांचा उजवा पाय तिच्या मांडीवर होता. तिच्या हातात चिमटा होता.

“अहो, जरा स्थिर बसा,” आई म्हणाली.

“मी स्थिरच आहे,” बाबा म्हणाले. ते वर्तमानपत्र वाचत होते.

आईने तळव्यातून एक पितळी स्क्रू ओढून काढला. माझ्याच पंपाचा, पार्किंगमध्ये सांडलेला. आख्खा आत शिरला होता. रक्त आलं तशी तिने कापूस दाबला. बाबांनी पान उलटलं. वर्तमानपत्राच्या मागे त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“कालपासून तसेच हिंडतायत,” आई माझ्याकडे बघून म्हणाली. “मोज्याला रक्त दिसलं म्हणून कळलं. यांना कशाचंच कळत नाही पायाला. साखर.”

मी खाली बसले. मी बोट त्यांच्या तळव्यावर टेकवलं, मग नखाने दाबलं. बाबा वाचतच होते. जोरात दाबलं. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझं बोट कुठे आहे ते डोळ्यांनी बघितलं, आणि म्हणाले, “झाली का तपासणी?”

गाडी अनवाणी चालवणं, मान खाली घालणं. ते पंप ऐकत नव्हते. पाय कुठल्या पेडलवर आहे ते बघत होते.

“त्या रिक्षाच्या वेळी,” मी म्हटलं.

“मी ब्रेकच दाबत होतो. पाय शेजारच्या पेडलवर होता, इतकंच.” मग म्हणाले, “गाडी विकली तर लोक कारण विचारतात. बंद पडली तर कुणी विचारत नाही.”

“आणि माझा पंप?”

आई म्हणाली, “मला पायाचं माहीत होतं. गाडीचं काय चाललंय ते माहीत नव्हतं हो.” तिच्यावर मी संशय घेतेय असं तिला वाटलं असावं. घेतलाही होता, क्षणभर.

संध्याकाळी गुळाचे व्यापारी आले, बरोबर क्लबातले आणखी दोघं. आईने चहा दिला. पायावर मोजा चढला होता, बाबा ताठ बसले होते. व्यापारी फार अवघडून म्हणाले, “ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण दर रविवारी बंद पडणारा पंप लोकांच्या गाडीत कसा घालायचा?”

माझ्या हातात सगळं होतं. खाली नेऊन बटण दाखवायचं, बस. मी बाबांकडे बघितलं. ते कपातल्या चहाकडे बघत होते आणि मोजा घातलेला पाय खुर्चीखाली ओढून घेत होते. मी त्यांना असं घाबरलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“दोष आहे,” मी म्हटलं. “सेन्सर गरम झाला की दगा देतो. आत्ता नको. नंतर कधीतरी बघू.”

मी उभ्या आयुष्यात कुठल्याही पंपावर खोटा शेरा मारला नव्हता, आणि पहिला मारला तो स्वतःच्या पंपावर. व्यापाऱ्यांना सुटल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, होतं असं, प्रयत्न करत राहा. उठायला लागले.

“बसा,” बाबा म्हणाले.

ते बसले.

“खोटं बोलतेय ती. पंप उत्तम आहे. असा पंप मला बनवता आला नसता.” त्यांनी कप खाली ठेवला, मोजा ओढून काढला आणि पाय सगळ्यांसमोर टीपॉयवर ठेवला, कापसासकट. पाहुण्यांसमोर पाय वर घेऊन बसणाऱ्याला घराबाहेर काढतील असे आमचे बाबा. “पंप मी बंद करत होतो. मला पायाचं काही कळत नाही. पुलावर त्या दिवशी मी एका माणसाला मारणार होतो, आणि शिव्याही त्यालाच दिल्या.”

गुळाचे व्यापारी त्या पायाकडे बघत राहिले, मग वाकून त्यांनी त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. बाबा खेकसले, “नमस्कार कसले करताय? पंप किती हवेत ते तिला सांगा.”

पुढच्या रविवारी गाडी मी चालवली. बाबा डाव्या सीटवर बसले, बूट घालून. गिरणी गेली, पूल आला, पंप टिकटिकत होता. पुढे सिग्नल लाल झाला आणि मी ब्रेक दाबला, तेव्हा शेजारी त्यांचा उजवा पायही जमिनीवर घट्ट रोवला गेला, तिथे पेडल नसताना. पुढच्या सिग्नलला पुन्हा. मैदान येईपर्यंत प्रत्येक ठिकाणी ते माझ्याबरोबर ब्रेक दाबत होते. पाय टेकल्याचं त्यांना कळत होतं का, हे मी विचारलं नाही.